भुंकणं तुम्हाला ऐकू येतं, त्यांना नाही

पत्र थोडक्यात: एक वाचक भगिनी परिचारिका आहेत. महिन्यातले बारा-तेरा दिवस त्यांना रात्रपाळी असते. सकाळी साडेआठला घरी पोचून नऊच्या सुमारास त्या आडव्या होतात आणि नेमका तेव्हाच शेजारच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकायला लागतो. शेजारी तरुण जोडपं आहे, दोघंही नोकरीला जातात. कुत्रा आणून आठ महिने झाले. तो ‘दिवसभर, न थांबता’ भुंकतो, असं त्या लिहितात. त्यांनी भिंतीवर थापा मारून पाहिल्या. एकदा दाराखालून निनावी चिठ्ठी सरकवली. इमारतीच्या ग्रुपवर, कुणाचं नाव न घेता, ‘प्राणी पाळणाऱ्यांनी इतरांचाही विचार करावा’ असं लिहिलं. तेव्हापासून शेजारीण जिन्यात समोर आली तरी नजर चुकवते, आणि भुंकणं आहे तसंच आहे. यजमान म्हणतात, ‘‘दिवसाच भुंकतो ना, रात्री तर नाही? सोडून दे.’’ नणंद म्हणते, सरळ तक्रार कर. भाऊ कुत्र्यांना गप्प करणारं आवाजाचं यंत्र आणून द्यायला निघाला आहे. शेवटी त्या लिहितात, ‘‘मला प्राणी आवडतात. लहानपणी आमच्या घरी कुत्रा होता. पण हल्ली झोपमोड झाली की त्या मुक्या जिवाबद्दल असे विचार मनात येतात, की ते लिहायचीही लाज वाटते. मी वाईट होत चालले आहे का?’’

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही वाईट होत चाललेल्या नाही. आठ महिने तुमची धड झोप झालेली नाही. रात्रभर दुसऱ्यांच्या दुखण्याखुपण्यात उभं राहायचं, आणि स्वतःचा डोळा लागता लागता भिंतीपलीकडून कुणीतरी तो उघडायचा. असं पुन्हा पुन्हा झालं की मायाळू माणसाच्या मनातही काळे विचार येतात. ते आले म्हणून तुम्ही तशा ठरत नाही. पण हे आता हातावर हात ठेवून सोसायचं नाही, एवढं त्या विचारांवरून नक्की कळतं.

यजमानांचं म्हणणंही इथेच संपवू या. ‘दिवसाच भुंकतो ना’ हे रात्री झोपणाऱ्या माणसाचं वाक्य आहे. तुमची रात्र सकाळी नऊला सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली आवाजाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं दिली. झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि मध्येच होणारा एखादा आवाज ४५ च्या वर जाऊ नये, असं त्यांत सांगितलं आहे. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेसारखा नसतो. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. जवळून ऐकलेलं मोठ्या कुत्र्याचं भुंकणं ८०-९० डेसिबलपर्यंत सहज जातं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला चार्ली नावाच्या एका गोल्डन रिट्रीव्हरचं भुंकणं २०१२ साली मोजलं, ते ११३.१ डेसिबल भरलं होतं. भिंत त्यातला बराचसा भाग अडवते हे खरं, पण जो उरतो तो झोपलेल्या माणसाला दचकवून उठवायला पुरतो. तेव्हा ‘मलाच फार लागतं’ हा अपराधीपणा आधी काढून टाका.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या दोन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत, त्यांच्याबद्दल थोडं बोलायचं आहे. रागावू नका, कारण सुटकेची वाट त्यांच्यातूनच जाते असं मला वाटतं.

पहिली गोष्ट तुम्ही शब्दांत लिहिलेली नाही, पण ती पत्रभर आहे. त्यांना सगळं माहीत आहे आणि त्यांना पर्वा नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. जरा थांबून बघा. कुत्रा कधी भुंकतो? ते दोघं बाहेर पडल्यावर. म्हणजे त्या इमारतीत हे भुंकणं ज्यांनी कधीच ऐकलेलं नाही अशी माणसं असतील, तर ती नेमकी हीच दोन. ते दार उघडून आत येतात तेव्हा कुत्रा शेपूट हलवत समोर उभा असतो. त्यांच्या लेखी तो गुणी कुत्रा आहे.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मी एकेकाळी भिंतीच्या त्या बाजूला होते. आमच्याकडे बिट्टू नावाचा कुत्रा होता. तो भुंकतच नाही असं मी लोकांना अभिमानाने सांगत असे. जवळजवळ वर्षभराने वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला जिन्यात थांबवलं आणि म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही गेलात की तो दाराशी बसून रडतो हो. मला ऐकवत नाही.’’ भुंकतो म्हणाले नाहीत, रडतो म्हणाले. त्या एका शब्दाने माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी जर ‘तुमच्या कुत्र्याने उच्छाद मांडलाय’ असं म्हटलं असतं, तर मी नक्की भांडले असते. माझा कुत्रा भुंकत नाही हे मला ‘माहीत’ होतं ना! त्या संध्याकाळी मी बिट्टूला घेऊन जमिनीवर बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे गेले.

आता तुमची चिठ्ठी त्यांच्या बाजूने वाचून पाहा. संध्याकाळी दमून घरी यावं, दाराखाली निनावी कागद पडलेला असावा, आणि आपल्या शहाण्या कुत्र्याबद्दल त्यात तक्रार असावी. कुणी लिहिलं, कधीचं, किती वेळ भुंकतो, काहीच कळायला मार्ग नाही. मग ग्रुपवर सगळ्यांसमोर आडून मारलेला टोमणा. शेजारीण तुमची नजर चुकवते ती बेफिकिरीने चुकवत नसेल. शरमेने किंवा भीतीने चुकवत असेल. कुत्रा पाळणाऱ्या भाडेकरूच्या आणि नव्या बिऱ्हाडाच्या मनात एक भीती कायम असते, की आज ना उद्या कुणीतरी येऊन ‘हा कुत्रा इथून हलवा’ म्हणणार. ती भीती एकदा जागी झाली की माणसं कानांवर हात ठेवतात.

माझा अंदाज चुकीचाही ठरू शकेल. काही माणसं खरंच बेपर्वा असतात. पण ते कळायला त्यांना एकदा तरी नीट, समोरासमोर सांगावं लागेल, आणि ते अजून झालेलंच नाही. भिंतीवरच्या थापा म्हणजे सांगणं नव्हे. उलट कुत्र्याच्या दृष्टीने थाप म्हणजे पलीकडून आलेलं उत्तर. आपण भुंकलो की कुणीतरी प्रतिसाद देतं, एवढंच तो त्यातून शिकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘दिवसभर, न थांबता’. तुम्हाला तसं वाटतं यात मला शंका नाही. झोपमोड झालेल्या मेंदूला पंधरा मिनिटांचं भुंकणं दोन तासांचं वाटतं, आणि मधल्या शांततेतही कान पुढच्या भुंकण्याची वाट बघत राहतात. तरीही एक काम करा. दहा-बारा दिवस एका वहीत नोंद ठेवा. तारीख, सुरू झालं कधी, थांबलं कधी, त्या वेळी काय घडत होतं, एवढंच. घंटा वाजली का, जिन्यात कुणी आलं का, की सगळं शांत असताना भुंकला? सोबत रोज एखाद-दोन मिनिटं मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. ड्यूटीवर असाल त्या वेळची नोंद घरातल्यांना ठेवायला सांगा. यजमानांनाच सांगा, म्हणजे ‘सोडून दे’ म्हणण्याआधी तेही दोन सकाळी ऐकतील.

मला वाटतं, या वहीतून दिवसभराचं चित्र बदलेल. कुत्री वेगवेगळ्या कारणांनी वेगवेगळी भुंकतात, आणि आपल्याला तो फरक बऱ्यापैकी कळतो. हंगेरीत बुडापेस्टच्या योट्व्हॉश लोरांड विद्यापीठातल्या पीटर पोंग्राट्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लोकांना वेगवेगळ्या प्रसंगी टिपलेलं भुंकणं ऐकवलं होतं. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही त्यांनाही नुसत्या आवाजावरून प्रसंग बऱ्याच वेळा ओळखता आला. खालच्या पट्टीतलं, घाईघाईचं, एकावर एक आदळणारं भुंकणं असेल, तर कुत्रा कुणाला तरी हाकलतो आहे. वरच्या पट्टीतलं, मध्ये थांबत थांबत येणारं, शेवटी ओढल्यासारखं असेल, तर तो एकटा आहे आणि हाक मारतो आहे.

तुमच्या पत्रातल्या वेळा बघता मला दुसरा प्रकार दिसतो. मालक बाहेर पडला की घाबरणाऱ्या कुत्र्यांची घालमेल बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त असते. ते दोघं नऊच्या आगेमागे निघत असतील, तर त्याचा सगळ्यात वाईट अर्धा तास आणि तुमचा झोप लागण्याचा अर्धा तास एकच आहे. मग दुपारी कुणी काही द्यायला आलं की पुन्हा एकदा भुंकणं, संध्याकाळी जिन्यातली वर्दळ वाढली की पुन्हा. वही तसं सांगू लागली, तर प्रश्न ‘दिवसभराचा’ राहत नाही. सकाळच्या एका तासाचा आणि आणखी एक-दोन वेळांचा राहतो. ‘तुमचा कुत्रा गप्प करा’ असं कुणी म्हटलं तर मालकाला काय करावं सुचत नाही. ‘माझ्या रात्रपाळीनंतरच्या दिवशी सकाळी नऊ ते एक एवढा वेळ काही करता येईल का’ असं म्हटलं, तर त्यावर विचार करता येतो. ही मागणी लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच पुरी होण्याजोगी आहे.

दारावर येणाऱ्यांवर भुंकण्याबद्दल एक सांगते, म्हणजे त्या जिवाबद्दलचा राग थोडा निवळेल. पोस्टमन दाराशी येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन निघून जातो. पोस्टमन त्याच्या कामाने गेला हे आपल्याला कळतं. कुत्र्याला कळतं ते एवढंच, की आपण भुंकलो आणि संकट टळलं. रोज तेच घडतं आणि रोज त्याचा उपाय यशस्वी होतो. तुम्हाला छळायचं किंवा हट्ट करायचा असं त्याच्या मनात काही नसतं. रखवालीचं आणि हाक मारण्याचं हे काम हजारो वर्षं माणसानेच कुत्र्याकडून करून घेतलं आहे. लांडगे फार क्वचित भुंकतात.

आता प्रत्यक्ष बोलायचं कसं. ते कामावरून आल्या आल्या जाऊ नका, आणि तुमची झोपमोड झालेल्या दिवशी तर मुळीच जाऊ नका. सुटीच्या दिवशी, तुमची झोप झालेली असताना, एकट्या जा. यजमान आणि नणंद सोबत असतील तर ते शिष्टमंडळ वाटेल. पहिलं वाक्य त्यांची भीती घालवणारं असू द्या: ‘‘कुत्रा काढून टाका असं सांगायला मी आलेले नाही.’’ हे आधी ऐकलं, तर पुढचं त्यांच्या कानांत शिरेल. मग चिठ्ठी तुमचीच होती हे सांगा. होय, सांगाच. अवघड आहे, पण ती चिठ्ठी आज तुम्हा दोघींच्या मध्ये भिंतीपेक्षा जाड होऊन बसली आहे. ‘‘झोप नव्हती, सुचलं नाही, नाव घालायला हवं होतं,’’ एवढं पुरे. त्यानंतर टिपलेला आवाज ऐकवा. पुरावा म्हणून समोर ठेवू नका. ‘‘तुम्ही नसताना हा असा ओरडतो, तुम्हाला कदाचित माहीत नसेल,’’ असं म्हणून ऐकवा. आणि गप्प राहा. त्यांना तो धक्का पचवायला वेळ लागेल. ते कदाचित म्हणतील, ‘‘आमचा कुत्रा असं करत नाही.’’ वाद घालू नका. एक दिवस घरात जुना मोबाइल लावून जा आणि बघा, एवढंच सुचवा. आपलं जनावर आपल्यामागे दाराशी येरझारा घालतं, लाळ गाळतं, दार ओरबाडतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की बहुतेक माणसं आपणहून धडपडू लागतात.

त्या धडपडीत तुम्ही त्यांना काय सुचवू शकाल? तज्ज्ञ असल्यासारखं सांगायला जाऊ नका, पण माहिती असू द्या. निघण्याआधी कुत्र्याला दमेपर्यंत फिरवून आणलं, तर त्याची पहिली घालमेल कमी होते. रस्ता किंवा जिना दिसणारी खिडकी खालच्या बाजूने झाकली, तर हाकलण्याचं भुंकणं पुष्कळ घटतं. ज्यातून खाऊ काढायला वेळ लागतो असं खेळणं निघताना दिलं, तर निम्माशिम्मा अर्धा तास तिथेच जातो. मात्र खूप घाबरलेला कुत्रा एकटा असताना खाऊला तोंड लावत नाही, आणि खेळणं संध्याकाळी भरलेलंच सापडलं तर ती मोठी खूण आहे. त्याचा बिछाना तुमच्या झोपण्याच्या भिंतीपासून दूरच्या खोलीत नेणं हे सगळ्यात सोपं काम, आणि ते बऱ्याचदा कुणाला सुचतच नाही.

खरी एकटेपणाची भीती असेल तर हे सगळं वरवरचं ठरेल. तिच्यावरचा उपाय हळू चालतो. आधी किल्ल्या उचलायच्या आणि जायचंच नाही. मग दाराबाहेर दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं, कुत्रा घाबरण्याच्या आत परत यायचं. असं करत करत वेळ वाढवायचा. याला आठवडे लागतात, काहींना महिने. तोवर त्याला शक्यतो पूर्ण एकटं ठेवायचं नाही. दिवसातून एकदा कुणी फिरवायला येईल, किंवा अवघड दिवशी तो ओळखीच्यांकडे राहील, अशी सोय बघायची. पशुवैद्याकडे न्यायचंच, कारण कधी दुखणं निघतं आणि कधी औषधाचा आधारही लागतो. बिट्टूला आम्हाला पाच महिने लागले. मधल्या काळात आजोबा रोज सकाळी दाराबाहेरून त्याच्याशी दोन शब्द बोलून जायचे.

एक इशारा देऊन ठेवते, कारण याच टप्प्यावर पुष्कळ जण हार मानतात. भुंकण्याकडे लक्ष देणं मालकाने बंद केलं की ते कमी होण्याआधी काही दिवस वाढतं. लिफ्टचं बटण दाबूनही दार उघडलं नाही, तर आपण जोरजोराने दाबतो, तसंच ते. त्या दिवसांत कुणी वैतागून एकदा जरी दाद दिली, तरी ‘आणखी जोरात भुंकलं की जमतं’ असा धडा त्याला मिळतो. शेजाऱ्यांनी प्रयत्न सुरू केल्यावर आठवड्याभरात आवाज वाढला, तर ‘यांनी काहीच केलं नाही’ असा निष्कर्ष काढू नका. मात्र लक्ष न देण्याचा हा मार्ग मागणीसाठी भुंकणाऱ्या कुत्र्याचा आहे. घाबरलेल्याला तसंच ओरडत सोडलं तर त्याची भीती वाढते.

भावाचं यंत्र नको. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. आपल्याला न ऐकू येणारा तो आवाज कुत्र्याच्या कानांना खुपतो, आणि भुंकलं की खुपतं म्हणून तो थांबेल, असा त्या यंत्राचा हिशेब. काही कुत्री थोडे दिवस थांबतात, मग सवय होते. भिंतीपलीकडे हा आवाज नीट पोचतही नाही, आणि गच्चीतून किंवा खिडकीतून पोचलाच तर कारण न कळता घाबरलेला कुत्रा आणखी घाबरतो. वर, न विचारता दुसऱ्याच्या जनावरावर असं काही केल्याचं उघडकीला आलं, तर त्या घराशी बोलण्याची वाट कायमची बंद. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याबद्दल तर विचारही नको. वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे. भीतीपोटी ओरडणाऱ्याला वेदना देऊन गप्प केलं, तर ओरडणं थांबेल आणि भीती आतच राहील. कुत्र्याचे स्वरतंतू कापण्याची शस्त्रक्रियाही काही जण सुचवतात. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाच्या १९८७ च्या युरोपीय करारात ती निषिद्ध ठरवलेली आहे, आणि मला त्यावर याहून जास्त लिहायचं नाही.

नणंदेचा तक्रारीचा सल्ला मी फेटाळत नाही, फक्त त्याची वेळ आलेली नाही. नीट सांगून, महिना-दीड महिना वाट बघून, पुन्हा एकदा आठवण करूनही काही हललं नाही, तर इमारतीच्या समितीकडे किंवा घरमालकाकडे लेखी जा. तिथे काही झालं नाही तर स्थानिक प्रशासनाकडे जा. तेव्हा ती वही कामाला येईल, कारण ‘सतत भुंकतो’ या शब्दांपेक्षा वेळा आणि तारखांना वजन असतं. आणखी एका घराला त्रास होत असेल तर त्यांनाही वेगळी नोंद ठेवायला सांगा. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. आवाजाचे नियम बहुतेक ठिकाणी रात्रीच्या वेळेला जास्त जपतात. सकाळी नऊला झोपणाऱ्या परिचारिकेसाठी त्यांत फारशी जागा नसते. म्हणून तुमच्या बाबतीत शेजाऱ्यांची समजूत नियमाहून जास्त उपयोगी पडेल, असं मला वाटतं. तुमच्या रात्रपाळ्यांचं महिन्याचं वेळापत्रक त्यांना देऊन ठेवा. बारा-तेरा दिवस ठरलेले असले, तर निदान त्या दिवशी त्यांना काही सोय करता येईल.

दरम्यान झोप तर हवीच. ‘चूक त्यांची, मी का कानात बोळे घालू?’ असं तुम्हाला वाटलं तर ते मला पटतं. तरीही घाला. फोमचे इअरप्लग नीट बसले तरच काम करतात: बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. उठायला मनगटावर थरथरणारा गजर लावा. खोलीत पंख्यासारखा एकसुरी आवाज चालू ठेवा. झोप मोडते ती शांततेतून एकदम उसळलेल्या आवाजाने. खाली एक बारीक, सलग आवाज असला की ती उसळी लहान होते. दाराखालची फट बुजवा, खिडकीच्या कडांना रबराची पट्टी लावा, कारण हवा जिथून येते तिथून आवाजही येतो. पलंग सामाईक भिंतीला टेकलेला असेल तर आजच हलवा.

हे करताना आणखीही एक घडेल. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास काही लोकांना अनियमित, कर्कश आवाज ऐकवत कामाला बसवलं होतं. त्यांतल्या काहींना एक बटण दिलं: अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. आवाज सगळ्यांना सारखाच ऐकवला होता. तरी नंतर दिलेल्या कामात बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या आणि अवघड कोडी सोडवायचा प्रयत्न त्यांनी जास्त वेळ नेटाने केला. बटण हाताशी आहे एवढ्यानेच फरक पडला होता. तुमचा निम्मा त्रास आवाजाचा आहे, आणि निम्मा ‘मला यात काहीच करता येत नाही’ याचा. वही, सरकवलेला पलंग, ठरवलेली भेट ही तुमची बटणं आहेत.

अशीच आणखी काही पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठी दोन-चार ओळी. शेजारचा म्हातारा कुत्रा अलीकडे रात्री उठून भुंकायला लागला असेल, तर मालकांना हळुवारपणे सांगा की वैद्याला दाखवा. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांमध्ये वयाने येणाऱ्या विस्मृतीचं किमान एक लक्षण दिसलं होतं. झोप-जागेचं चक्र उलटं होणं हे त्यातलंच. त्याला दिशा कळेनाशी झालेली असते. कुत्रा दिवसरात्र बाहेर आखूड साखळीला बांधलेला असेल, पाणी-सावली नसेल, तर तो आवाजाचा प्रश्न उरत नाही. तिथे प्राणिकल्याणाचं काम करणाऱ्यांना लगेच कळवा, महिनाभर थांबू नका. शेजारी अंगावर धावून येणारा असेल, तर एकटं जाऊन बोलायचा माझा सल्ला तुमच्यासाठी नाही. तिथे लेखी आणि तिसऱ्या माणसामार्फतच बोला.

ताई, तुमच्या आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत हे मला दिसतं आहे. तुम्ही निघता तेव्हा ते परतत असतात. म्हणून भेटीआधी पुन्हा एक चिठ्ठीच लिहावी लागेल. अशी काहीतरी लिहा: ‘‘नमस्कार. मी रात्रपाळीची परिचारिका आहे, सकाळी नऊला झोपते. तुम्ही कामाला गेल्यावर तुमचा कुत्रा बराच वेळ ओरडतो. तो एकटा घाबरत असावा असं वाटतं. कुत्रा हलवा असं माझं मुळीच म्हणणं नाही. या सुटीच्या दिवशी दहा मिनिटं तुमच्याकडे येऊ का? मागची चिठ्ठीही माझीच होती, त्याबद्दलही बोलायचं आहे.’’

आणि या वेळी खाली तुमचं पूर्ण नाव, फ्लॅटचा क्रमांक आणि फोन नंबर लिहा.